मास्तरांची चाळिशी

मास्तरांना शाळेत सगळे 'मूळव्याध' म्हणत. तोंडावर अर्थातच 'सर', पण पाठ वळली की मूळव्याध. ज्या कार्ट्याने हे नाव ठेवलं त्याला खरं तर बक्षीस द्यायला हवं होतं, कारण ते दोन्हीकडून बसत होतं. मास्तर इंग्रजी शिकवायचे, आणि एखादा शब्द समोर आला की त्याचं मूळ सापडेपर्यंत शिकाऱ्यासारखे त्याच्या मागे लागायचे. शिवाय त्यांचा तास संपेपर्यंत बाकावर बसून राहणं मुलांना जड जायचं, ते वेगळंच. मास्तरांना हे नाव ठाऊक होतं. एकदा फळ्यावर कुणीतरी ते लिहून ठेवलं होतं. त्यांनी शांतपणे वाचलं, डस्टर उचललं आणि वळून म्हणाले, "व्याध म्हणजे शिकारी. शब्द चांगला आहे. फक्त 'मू' दीर्घ काढा रे, गाढवांनो." मग पुसून टाकलं.

इंग्रजी भाषेबद्दल त्यांचं मत कुणी विचारलं नाही तरी ते सांगायचे. म्हणायचे, ही बाई सगळा संसार उसनवारीवर करते. शेजारणीकडून वाटीभर साखर आणते, परत देण्याचं नाव नाही, आणि पाहुण्यांना सांगते, आमच्याच घरातली आहे. बरं, ती साखर तरी तिची कुठे? मुळात ती आपली शर्करा. इथून निघाली, इराण्यांकडे राहिली, अरबांकडे राहिली, दारोदार फिरत तिकडे पोचली तेव्हा शुगर झाली होती. आपलं मुंगूस नेलं, त्याचं मंगूज केलं, आणि शेपटाशी 'गूज' दिसतो म्हणून आमची मुलं परीक्षेत त्याचं अनेकवचन 'मंगीज' लिहितात. रोबो हा शब्द चेक लोकांचा, अर्थ वेठबिगारी. विंडो उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांनी दिला, म्हणजे वाऱ्याचा डोळा. मसल म्हणजे छोटा उंदीर. दंड फुगवला की कातडीखाली उंदीर पळाल्यासारखं रोमन लोकांना वाटलं म्हणून. आणि क्वारंटाइन म्हणजे चाळीस. साथीच्या दिवसांत इटलीच्या बंदरात जहाज आलं की चाळीस दिवस बाहेर उभं ठेवायचे, कुणाला उतरू द्यायचे नाहीत. इथे मास्तर फळ्यावर मोठ्ठे चाळीस काढायचे आणि खडू टेकवून थांबायचे. दर वर्षी तीच वाक्यं, तेच थांबणं, तोच विनोद. सांगून सांगून सगळं पायरीच्या दगडासारखं गुळगुळीत झालं होतं.

घरी या विद्येला काडीचीही किंमत नव्हती. "तुमची मुळं खणून झाली असतील तर मोरीतला नळ बघा, मघापासून गळतोय," असं बायको म्हणायची. एकुलती एक लेक तर जेवताना कानात बोटं घालायची. पण बाप म्हणून मास्तरांचा तिला भारी अभिमान होता, आणि तो उगाच नव्हता. ती जन्मली तेव्हा मास्तरांची आई दवाखान्याच्या बाकावर तोंड पाडून बसली होती. मास्तर तिला म्हणाले होते, "तोंड पाडायचं असेल तर घरी जाऊन पाड. इथे माझी मुलगी झोपली आहे." आयुष्यात आईला उलटून बोलले ते तेवढंच. ही गोष्ट लेकीने लग्नानंतर नवऱ्याला पहिल्या आठवड्यातच ऐकवली होती.

निवृत्तीनंतर एका सकाळी बुटाची नाडी बांधता बांधता मास्तर खुर्चीवरून कलंडले. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली.

वाचा गेली म्हणजे मुके झाले असं नाही. मुकं होणं परवडलं असतं. आत सगळं जागच्या जागी होतं, माणसं कळत होती, बोललेलं कळत होतं. पण बोलायला जावं तर मराठी शब्द सापडायचाच नाही. इंग्रजी सापडायचा, आणि तोही जिभेवर येईतो गळून जायचा. भाजी खुडून नेल्यावर मातीत मुळं उरावीत तसं त्यांच्या तोंडात फक्त मूळ उरायचं, म्हणजे वर्गात वर्षानुवर्षं घोकलेला त्या मुळाचा अर्थ. हो म्हणायला गेले की नाही निघायचं, आणि नाही म्हणायला गेले की हो. डाव्या हातात पेन्सिल दिली तर कागदावर कोंबडीने चालावं तशा रेघा उमटायच्या. जन्मभर ज्यांच्या मागे धावले त्या शब्दांनी म्हातारपणी असा सूड उगवला. देवाला विनोद करायचाच होता तर दुसरं कुणी सापडलं नसतं का?

अख्खं, स्वच्छ, एका दमात तोंडातून बाहेर पडेल असं एकच काही उरलं होतं, आणि त्या शिव्या होत्या. दवाखान्यात वॉर्डबॉयने लघवीची नळी खसकन ओढली तेव्हा मास्तरांच्या तोंडून अशी खणखणीत शिवी निघाली की शेजारच्या खाटेवरचा ट्रक ड्रायव्हर दुखणं विसरून हसला. मास्तरांनी उभ्या जन्मात शिवी दिली नव्हती. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टर म्हणाले, असं होतं. शिव्या मेंदूत दुसरीकडेच राहतात.

तो ड्रायव्हर चांगला माणूस होता. मास्तरांना पाणी पाजायचा, उशी सरळ करायचा. दिवसरात्र खोकायचा. एक दिवस त्याच्या रुमालावर रक्त दिसलं आणि नर्स तोंडाला मास्क लावून आली. त्याला ढकलखुर्चीवरून नेलं, मागोमाग त्याची गादीही गुंडाळून नेली. फरशी पुसणारी बाई दुसऱ्या एका वॉर्डबॉयला हळूच म्हणाली, "क्षय निघाला म्हणे. किती दिवस सगळ्यांत लोळत होता." मास्तरांना कुणी काही सांगितलं नाही, तपासलंही नाही. ज्याला बोलता येत नाही त्याला ऐकूही येत नाही, असं लोक धरूनच चालतात.

मास्तर घरी आले. पुढच्या खोलीत खिडकीशी त्यांची खाट टाकली. आईला एकटीला हे झेपणार नाही म्हणून लेक धावून आली. तिचा नवरा दुसऱ्या गावी नोकरीला होता, त्याला ठेवून ती आली, आणि सोबत तीन महिन्यांची गुंडी. पोरीचं खरं नाव मोठं लांबलचक होतं, पण ती इतकी वाटोळी आणि एवढीशी होती की सगळे गुंडीच म्हणत. लेकीने तिला पहिल्याच दिवशी आणून मास्तरांच्या डाव्या कुशीत ठेवलं. गुंडीने त्यांच्या मिशीला हात घातला. मास्तर रडले. अर्धांग झालेल्या माणसाला रडू लवकर येतं, पण हे ते रडणं नव्हतं.

सुरुवातीचे दिवस घरात हसण्याखिदळण्याचेही गेले. एका सकाळी मास्तरांच्या पोटरीत गोळा आला. मसल आखडलाय, एवढंच त्यांना सांगायचं होतं. तोंडातून निघालं, "उंदीर! उंदीर!" बायकोने खाटेखाली पिंजरा लावला, आणि जगाचा चावटपणा असा की त्यात खरोखरच उंदीर सापडला. तिला कोण आनंद झाला! "बघ, बघ," ती लेकीला म्हणाली, "डोकं शाबूत आहे यांचं. नीट लक्ष दिलं की सगळं कळतं. आपणच कमी पडतो." पुढे खिडकी लावायला सांगताना 'वाऱ्याचा डोळा' म्हणाले तर दोघींनी त्यांच्या डोळ्यांत थेंब घातले. डोळे नेमके चुरचुरत होते, त्यामुळे बरंही वाटलं. मायलेकींची खात्री पटली की यांची भाषा आपल्याला येते. तिथेच घात झाला.

मग मास्तरांना खोकला लागला.

आधी त्यांनाही वाटलं ठसका असेल. घास नीट उतरत नव्हता. पण दिवस कलला की अंगात बारीक कणकण यायची, झोपेत उशी भिजायची, अंगरखा खांद्यावरून ओघळायला लागला. हे सगळं मास्तरांच्या ओळखीचं होतं. ते पाच-सहा वर्षांचे असताना थोरली बहीण याच दुखण्याने गेली होती. तिलाही अशीच संध्याकाळची कणकण यायची. पाठचा तान्हा भाऊ तिच्या मांडीवर खेळायचा, आणि तो तिच्याही आधी गेला. आई कामात असायची, पोराला कुठे ठेवणार? बहिणीच्या मांडीवर ठेवायची. मास्तरांनी ते बघितलं होतं, आणि आता गुंडी रोज त्यांच्या कुशीत, त्यांच्या तोंडाजवळ, त्यांचा श्वास घेत झोपत होती.

वेगळं ठेवा मला. तिला इथे आणू नका. एवढंच सांगायचं होतं. 'क्वारंटाइन' हा शब्द आता शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मास्तरांना तो डोळ्यांसमोर लिहिलेला दिसत होता, स्पेलिंगसकट. त्यांनी सगळा जीव एकवटला, तोंड उघडलं आणि म्हणाले,

"चाळीस."

"काय बाबा?"

"चाळीस! चाळीस!"

लेकीने आईकडे बघितलं. आई लगबगीने उठली. "अगं, चाळिशी मागताहेत. कित्ती दिवसांत वाचलं नाही त्यांनी." कपाटातून चष्मा आला, पदराने पुसला गेला आणि मास्तरांच्या नाकावर बसला. वर्तमानपत्र समोर धरलं. मास्तरांनी मान झटकली, चष्मा घसरला. "चाळीस!" ते ओरडले. चष्मा पुन्हा नाकावर आला.

हे रोज सुरू झालं. रोज ते चाळीस म्हणत आणि रोज कुणीतरी प्रेमाने त्यांच्या कानांमागे काड्या अडकवत असे. लेकीने तर दोऱ्याने चष्मा गळ्यातच बांधला, म्हणजे बाबांना सारखं मागायला नको. तरी मागणं थांबेना, तेव्हा तिच्या डोक्यात आलं की नंबर वाढला असेल. चष्मेवाला घरी आला. त्याने लोखंडी चौकट नाकावर चढवली, भिंगं बदलत राहिला. "आता कसं? स्वच्छ?" मास्तर त्याच्या तोंडावर खोकले. त्याने बिचाऱ्याने शांतपणे तोंड पुसलं. मास्तरांना स्वतःची इतकी शिसारी कधी आली नव्हती. नवा चष्मा चांगल्या सोनेरी काड्यांचा निघाला.

डॉक्टरही येऊन गेले. बायकोने खोकल्याचं सांगितलं. "अर्धांगात गिळायला त्रास होतो हो," ते ब्लडप्रेशरचा पट्टा गुंडाळत म्हणाले, "ठसके लागणारच. मान वर करून भरवा." मास्तरांनी त्यांची बाही पकडली. "चाळीस," ते कळवळून म्हणाले. डॉक्टरांनी त्यांचा हात थोपटला. "चाळीस कशाला, शंभर वर्षं जगाल, सर."

बोलून उपयोग होईना तेव्हा मास्तरांनी दुसरे मार्ग धरले. गुंडी आली की टॉवेल तोंडावर ओढायचे; बायको म्हणायची, "गुदमराल," आणि काढून घ्यायची. भिंतीकडे तोंड करायचे. लेक खाटेच्या पलीकडून येऊन गुंडीचं तोंड त्यांच्यासमोर धरायची. शेवटी एका दुपारी त्यांनी डाव्या हाताने पोरीला बाजूला सारलं. जोरात नाही, पण सारलं. गुंडी कडेला गेली आणि तिने भोकाड पसरलं. लेकीने झेप घेऊन उचललं म्हणून, नाहीतर पडली असती.

बायको हळूच म्हणाली, "रोज बघतेय मी. ही आली की तोंड फिरवतात. आजारी माणसाच्या पोटातलं ओठांवर येतं म्हणतात, तसलंच काही असेल. मुलगा असता तर..."

"आई, काहीतरीच बोलू नकोस."

"मी नाही गं म्हणत. हे वागतात ते बघ ना."

लेक गुंडीला थोपटत उभी राहिली. तिने बापाकडे बघितलं आणि विचारलं, "बाबा, मी झाले तेव्हाही असंच वाटलं होतं का तुम्हाला? मग ती आजीची गोष्ट लोकांना दाखवायला होती?"

मास्तर नाही म्हणायला गेले. जीव तोडून म्हणायला गेले. "हो," ते म्हणाले. आपल्या कानांनी त्यांनी ते ऐकलं. मग पुन्हा प्रयत्न केला, आणि पुन्हा "हो."

लेक आत गेली. मास्तर आढ्याकडे बघत पडून राहिले. माणसाला फाशी देतात तेव्हासुद्धा त्याला शेवटचं काही बोलू देतात.

एखादीने तिथेच बापाचं नाव टाकलं असतं, पण ही त्यांचीच लेक, हट्टी. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे सुजलेले होते, तरी गुंडीला घेऊन आली आणि खाटेवर बसली. म्हणाली, "आजारपण बोलतंय तुमचं, मला कळतं. सवय लागली की माया लागेल. आता ही दिवसभर तुमच्याजवळच असेल, बघू किती दिवस तोंड फिरवता." गुंडीची दुपटी, खुळखुळा, दुधाची बाटली, सगळं पुढच्या खोलीत आलं. त्या प्रेमाला काय करावं हे मास्तरांना समजेना. त्या आठवड्यात गुंडी त्यांच्या छातीवर पालथी झोपायलासुद्धा शिकली. तिच्या टाळूचा वास यायचा आणि मास्तर श्वास धरून ठेवायचे. किती वेळ धरणार? मग खोकला यायचा, सगळा तिच्या केसांत.

असंच तिला छातीवर घेऊन पडलेले असताना एका दुपारी त्यांना दवाखान्यातला तो वॉर्डबॉय आठवला. शिवी ऐकल्यावर तो पुन्हा त्यांच्या खाटेजवळ फिरकला नव्हता. मास्तरांनी हा विचार एकदा बाजूला सारला. तो परत आला. अख्खं बोलता येईल असं तेवढंच त्यांच्याजवळ होतं. बाकी सगळ्या शब्दांनी दगा दिला होता. संध्याकाळची कणकण चढेपर्यंत त्यांनी मनाशी ठरवलं होतं, आणि ठरवल्यावर त्यांना भीती वाटली ती एवढीच की ऐनवेळी हातून होणार नाही.

दुसऱ्या सकाळी लेक दूध पाजून झालेल्या गुंडीला त्यांच्या कुशीत ठेवायला वाकली. तिचा चेहरा जवळ आला. झोप न झालेला, प्रेमळ, थोडासा त्यांच्यासारखाच. मास्तरांनी डावा हात उचलला आणि तिच्या थोबाडीत दिली. साधीसुधी नाही, उरलीसुरली सगळी ताकद लावून. आणि तोंड उघडलं.

"सटवे, चालती हो!"

स्वच्छ. एकही अक्षर गळालं नाही. त्यापुढे ते जे बोलले, लेकीबद्दल आणि तिच्या पोटच्या पोरीबद्दल, ते कुठल्याही बापाने बोलू नये असं होतं. ते इथे लिहिण्यात अर्थ नाही. एकामागून एक येत होतं, अडखळता अडखळत नव्हतं. स्वयंपाकघरातून बायको हातातलं काम टाकून धावत आली आणि दारातच थिजली. मास्तर लेकीच्या डोळ्यांत बघून बोलत होते. डोळे बंद केले असते तर जमलं नसतं.

लेकीने गालावर हात ठेवला नाही. गुंडीला घट्ट धरून ती मागे झाली. "आजारपण नाही हे," ती म्हणाली. "इतके दिवस एक शब्द नीट फुटत नव्हता. हे बरं नीट फुटलं. हेच मनात होतं." मग आईकडे वळून, "आई, मी इथे राहत नाही. हे गेले तरी मला कळवू नकोस."

बॅग भरायला फार वेळ लागला नाही. आई मागे मागे फिरत होती, दंडाला धरत होती, "अगं, बाप आहे तुझा, आजारी आहे गं," म्हणत होती. दुपटी, खुळखुळा, बाटली एकेक करत पुढच्या खोलीतून गेलं. मास्तर भिंतीकडे तोंड करून पडले होते. रिक्षा आली. फाटक वाजलं. गुंडी एकदा रडली आणि रिक्षाच्या आवाजात ते रडणंही लांब गेलं.

पोर सुटली का? ते त्यांना कधीच कळणार नव्हतं. कदाचित उशीरही झाला असेल. पण आता ती या खोलीत नव्हती, आज दुपारी या खाटेवर नसेल, उद्याही नसेल. मास्तरांच्या पोटातून काहीतरी वर आलं. त्यांना वाटलं खोकला, पण ते हसू होतं. वाकड्या तोंडाने, गदागदा, डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत ते हसले.

बायको फाटकापासून परत आली ती हे बघायला. दारात उभी राहून तिने विचारलं, "हसताय?" आवाज चढवला नाही. "लेक तोडलीत, नात तोडलीत, आणि हसताय?"

मास्तरांचं हसू खोकल्यात गेलं. खोकला थांबेना, तोंडातून लाळ गळायला लागली. बायकोने सवयीने टॉवेल उचलला, खाटेच्या कडेवर बसली आणि त्यांचं तोंड पुसायला वाकली. तिचा चेहरा आता वीतभर अंतरावर होता. रडून लाल झालेला, केसांची बट कपाळावर आलेली. आजारपण सुरू झाल्यापासून हीच त्यांच्या सर्वांत जवळ होती, दिवसाही आणि रात्रीही. याच खोलीत खाली अंथरूण टाकून निजत होती.

मास्तरांनी डावा हात पुन्हा उचलला. जिभेवर शिवी तयार होती, तीही अख्खी.

बायकोने हात बघितला. ती मागे सरकली नाही.

"मारा," ती म्हणाली. "तिला जायला घर होतं. मी कुठे जाऊ?"

हात तसाच वर राहिला. बायकोने तो मनगटाला धरून खाली आणला, पांघरुणात खोचला, आणि सकाळपासून तसंच राहिलेलं सूप उचलून चमचा भरला.

"थंड झालंय," ती म्हणाली. "आ करा."